घोड्याच्या धमनीतील कृमी

कृमी म्हटला की त्याचे वास्तव्य आतड्यांत असावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि बहुतेक कृमींच्या बाबतीत ती खरीही आहे. आतडे ही शरीराच्या आतून गेलेली, परंतु दोन्ही टोकांस बाहेरच्या जगाशी उघडी असलेली वाट होय. त्या वाटेने अन्न येते. अन्नाबरोबर कृमीही आला, तर त्यात मोठेसे नवल नाही. रक्तवाहिन्यांची गोष्ट निराळी. त्या चोहोंकडून बंद असतात, आणि त्यांतून वाहणारा प्रवाह क्षणभरही थांबत नाही. अशा बंद व वेगवान प्रवाहात बोटाच्या पेराएवढा लांब कृमी घर करून राहावा, तेथेच वाढावा, आणि हे ज्याच्या देहात घडते त्या घोड्याने त्याच वेळी निमूटपणे गाडी ओढावी, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास अतिशयोक्तीची वाटेल. परंतु मोटारींचे युग सुरू होण्यापूर्वी युरोपातील जे घोडे पशुवैद्यांनी मरणोत्तर फाडून पाहिले, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती.

रक्तवाहिन्यांत राहणारे गोलकृमी घोड्याखेरीज इतर मोठ्या जनावरांतही सापडतात. आपल्या देशातील बैलांच्या व म्हशींच्या महाधमनीच्या भित्तीत एक लांबच लांब, सुतासारखा कृमी पोखरून राहतो. त्याने केलेल्या वेड्यावाकड्या बोगद्यांमुळे महाधमनीचा आतला पृष्ठभाग वाळवी लागलेल्या फळीसारखा दिसतो. दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०९ साली त्यास शास्त्रीय नाव दिले. परंतु आपला बैल या पाहुण्याविषयी बहुधा तक्रार करीत नाही. तो नांगर ओढतो, मोट ओढतो, आणि त्याच्या छातीत काय चालले होते हे कळते ते खाटीकखान्यात. त्या कृमीस महाधमनी हेच कायमचे घर असते. घोड्याच्या कृमीस धमनी ही केवळ बालपणीची जागा आहे. तेथे तो लहानाचा मोठा होतो व मग निघून जातो. तथापि घोड्यास त्याचे हे चार दिवसांचे बिऱ्हाडच अधिक महाग पडले आहे. आम्हांस येथे सांगावयाची आहे ती या दुसऱ्या कृमीची हकीकत.

इ. स. १६६५ मध्ये हॉलंडमधील शारीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश याने रसवाहिन्यांतील झडपांविषयी एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. घोड्याच्या आतड्यांकडे जाणारी धमनी फुगलेली असून तिच्यात कृमी आहेत, हे प्रथम पाहिल्याचे श्रेय त्यालाच देतात. रॉइश हा मोठा विलक्षण मनुष्य. मृत शरीरातील अत्यंत सूक्ष्म वाहिन्यांत रंगीत द्रव्ये भरून ती जिवंतासारखी टवटवीत ठेवण्याची कला त्यास साधली होती, आणि रशियाच्या पीटर बादशहाने १७१७ मध्ये त्याचा सारा संग्रह विकत घेतला. अशा माणसाच्या नजरेतून धमनीतील कृमी सुटणे शक्य नव्हते. हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडून त्या वेळी अवघी सदतीस वर्षे झाली होती.

कृमी दिसला, पण तो तेथे आला कोठून? बंद वाहिनीत बाहेरून प्राणी शिरू शकत नाही, तेव्हा तो तेथेच उत्पन्न होत असला पाहिजे, असे त्या काळच्या पंडितांस वाटले तर त्यांस हसण्याचे कारण नाही. मांसातील किडे माशीच्या अंड्यांपासून होतात, आपोआप होत नाहीत, हे १६६८ मध्ये प्रयोगाने सिद्ध करणारा इटालियन रेदी हादेखील, जिवंत प्राण्यांच्या पोटातील कृमी त्या प्राण्याच्याच जीवनशक्तीतून निर्माण होतात, असे मानीत असे. शरीराच्या आत राहणारे कृमी हा स्वयंभू उत्पत्तीच्या मताचा शेवटचा बालेकिल्ला होता, आणि तो एकोणिसाव्या शतकापर्यंत पुरता पडला नाही.

दरम्यान फ्रान्समध्ये लिआँ व आल्फोर येथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पशुवैद्यकाच्या शाळा निघाल्या आणि मेलेला घोडा पद्धतशीर उघडून पाहण्याची चाल पडली. येथे घोड्याच्या शरीररचनेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याच्या कमरेच्या पहिल्या मणक्याखाली महाधमनीस एक आखूड पण जाड फाटा फुटतो. लहान आतडे जवळजवळ सगळे, तसेच प्रचंड आकाराचे आंधळे आतडे व मोठ्या आतड्याचा बहुतेक भाग, या सर्वांस रक्त पुरविण्याचे काम या एका फाट्याकडे व त्याच्या शाखांकडे असते. सोयीसाठी आपण त्यास आंत्रधमनी म्हणू. कृमी राहतो तो नेमका याच आंत्रधमनीच्या मुळाशी. त्याच्या वास्तव्यामुळे धमनीचे आतले अस्तर खरबरीत होते, त्यावर रक्ताच्या गुठळ्या चढतात, भिंत जाड होते आणि धमनीचा फुगा बनतो. पॅरिसचा विद्वान वैद्य पिएर राये याने १८४३ मध्ये या कृमिजन्य धमनीविस्फारावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. मात्र हा फुगा घोड्यास काय अपाय करतो, हा प्रश्न तसाच राहिला; कारण ज्यांचे मरण हाडे मोडून किंवा म्हातारपणामुळे ओढवले, त्या घोड्यांतही तो सापडतच होता.

त्या प्रश्नाचे पहिले धीट उत्तर दिले म्यूनिकच्या ओटो बोलिंगरने. त्या वेळी तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. घोड्यांचा पोटशूळ आणि आंत्रधमनीतील कृमिजन्य विस्फार या विषयावरील त्याचा ग्रंथ १८७० मध्ये निघाला. पोटशूळ म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी टांगा होता त्या जुन्या मंडळींस सांगावयास नको. धडधाकट घोडा एकाएकी पुढच्या पायाने जमीन उकरू लागतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहतो, घामाने निथळतो, खाली पडून लोळतो. आणि कित्येकदा मोतद्दाराने रात्रभर फिरवूनही सकाळपर्यंत मरतो. घोड्यास ओकारी येत नाही, म्हणून पोटातील संकटास ती एक वाटही त्याला बंदच असते. रेल्वे गावोगाव पोहोचली, तरी स्टेशनापासून पुढे माल व माणसे नेणारा तो घोडाच होता. मुंबईतदेखील १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्राम ओढली ती घोड्यांनीच. अशा काळात घोड्याचा पोटशूळ हा शहराच्या चालण्याफिरण्याचा, लष्कराच्या सिद्धतेचा आणि अनेक गरीब गाडीवानांच्या भाकरीचा प्रश्न होता.

बोलिंगरचा तर्क सरळ होता. गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत जातो व पुढच्या अरुंद वाहिनीत अडकून तिच्यापलीकडील भाग उपाशी पाडतो, हे तत्त्व फिर्खो या थोर जर्मन पंडिताने मानवी रोगांच्या बाबतीत नुकतेच प्रस्थापित केले होते. बोलिंगरने ते घोड्यास लाविले. धमनीच्या मुळाशी कृमी, कृमीभोवती गुठळी, गुठळीचा तुकडा शाखेत, शाखा बंद, आतड्याचा तेवढा भाग रक्तावाचून लुळा पडला, त्यात वायू कोंडला, आणि शूळ उठला. या साखळीत कल्पनेने जोडलेला दुवा कमी आणि प्रत्यक्ष पाहिलेला अधिक होता.

तरीही पुढील शंभर वर्षे या मताविषयी पशुवैद्यांची मने द्विधाच राहिली. आक्षेपकांचे म्हणणे असे, की आतड्यांच्या धमन्या एकमेकींशी ठायीठायी जोडलेल्या असतात, एक बंद पडली तर दुसरी तिचे काम करते. शिवाय शूळाने मेलेल्या घोड्यात अडकलेला तुकडा शोधावयास जावे, तर तो पुष्कळदा सापडतच नाही. आणि सर्वांत मोठा आक्षेप हा, की कृमी जर जवळजवळ प्रत्येक घोड्यात आहे, तर शूळ प्रत्येकास का होत नाही? हा शेवटचा आक्षेप दिसतो तितका बळकट नाही, असे आमचे मत आहे. जे कारण सर्वांच्याच ठिकाणी हजर असते, ते कारण म्हणून ओळखूच येत नाही. गावातील प्रत्येक घर गवताने शाकारलेले असेल, तर आगीचा दोष गवतास कोणी देत नाही. चुलीस देतात, वाऱ्यास देतात. कौलारू घरे बांधली जाईपर्यंत तुलना करावयास काही नसते. बोलिंगरच्या हयातीत कृमी नसलेले घोडे तुलनेसाठी पुरेसे मिळणेच शक्य नव्हते. तो १९०९ मध्ये वारला. अर्थात सर्वच पोटशूळ या कृमीमुळे होतो असे नाही. आतड्यास पीळ पडणे, दाणा अतोनात खाणे, वायू धरणे ही कारणे आहेतच, आणि तो सगळा दोष कृमीच्या माथी मारण्याच्या उत्साहामुळे बोलिंगरपंथीयांनी आपली बाजू थोडी दुबळीही केली.

कृमीचे नाव निश्चित झाले ते कैरोमध्ये. आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ तेथील वैद्यकशाळेत शिकवीत असे. हाताच्या त्वचेवर अळ्यांच्या पाण्याचा एक थेंब सांडला, तेथे खाज सुटली, आणि पुढे आपल्याच पोटात अंकुशकृमी आढळले, यावरून तो कृमी माणसाच्या कातडीतून शिरतो हे ताडून १८९८ मध्ये जाहीर करणारा लूस तो हाच. इजिप्तमधील घोडे व गाढवे यांच्या आतड्यांतील कृमींचा त्याने असाच चिकाटीने अभ्यास केला. तोवर सर्वांची जी एकच मोट बांधली जात होती, ती सोडून त्याने जाती वेगळ्या केल्या. त्यांतील धमनीवाल्या जातीस १९०० मध्ये त्याने जे लॅटिन विशेषण दिले, ते ‘व्हल्गॅरिस’. म्हणजे सर्वसामान्य, जिकडेतिकडे आढळणारा. त्या काळी ते नाव अगदी यथार्थ होते.

आता मुख्य कोडे राहिले ते वाटेचे. प्रौढ कृमी मोठ्या आतड्यात राहतो, अंडी लिदीबरोबर कुरणात पडतात, त्यांतून निघालेली अळी गवताच्या पात्यावर चढून बसते व चरणाऱ्या घोड्याच्या पोटात जाते, येथवर वाद नव्हता. पण आतड्यातून ती धमनीत कशी पोहोचते? रक्त तर धमनीतून आतड्याकडे वाहते. आतड्याकडून धमनीच्या मुळाकडे नाही. म्हणून कित्येकांनी असा तर्क केला, की अळी अशुद्ध रक्ताबरोबर यकृतातून, हृदयातून व फुप्फुसांतून फेरी करून मग महाधमनीवाटे वरून खाली उतरत असावी. अंकुशकृमी व जंत हे फुप्फुसांतून प्रवास करतात हे कळलेले असल्यामुळे या तर्कास बळ आले. तर्क सुंदर होता, पण खोटा ठरला.

कार्ल एनिक या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास, आणि मग अधिक बारकाईने ग्लासगोच्या डंकन व पिरी यांनी १९७२ मध्ये, ही वाट उलगडली. ग्लासगोच्या प्रयोगात जन्मापासून कृमीविरहित वाढविलेल्या शिंगरांस मोजून अळ्या चारल्या आणि ठराविक दिवसांनी एकेका शिंगराचे शवच्छेदन करून अळ्या कोठवर पोहोचल्या ते पाहिले. शिंगरांचा हा बळी वाचताना आम्हांस खेद झाल्यावाचून राहिला नाही. परंतु दुसऱ्या कोणत्याही उपायाने ही गोष्ट निर्विवाद झाली नसती, हेही खरे. अळी आतड्याच्या भिंतीत शिरते, आठवड्याभरात कात टाकते, आणि तेथील बारीक धमनीत घुसते. मग ती प्रवाहात पोहत नाही. धमनीच्या अगदी आतल्या पातळ अस्तराला धरून, प्रवाहाच्या उलट दिशेने ती वर सरकत जाते. जणू पुराच्या वेळी काठाकाठाने दोर धरून चाललेला मनुष्य. सुमारे तीन आठवड्यांत ती आंत्रधमनीच्या मुळाशी पोहोचते. तेथे तीन-चार महिने राहून वाढते, पुन्हा कात टाकते, आणि मग ज्या प्रवाहाशी ती झगडली, त्याच प्रवाहावर स्वार होऊन आतड्याच्या भिंतीत परत येते. तेथे एक गाठ बनते, ती फुटून कृमी आतड्यात पडतो व प्रौढ होतो. गवताबरोबर अळी गिळल्यापासून लिदीत पहिले अंडे दिसेपर्यंत सहा ते सात महिने लागतात.

हे सहा-सात महिने वाचकांनी ध्यानात ठेवावेत. या सगळ्या काळात कृमी धमनीची नासधूस करीत असतो, पण बाहेर त्याचे एकही चिन्ह उमटत नाही. लीद तपासावी तर ती निर्दोष.

औषधांचा इतिहास यास समांतर चालला होता. १९३८ मध्ये फेनोथायझीन या, रंगांच्या रसायनशास्त्रातून आलेल्या द्रव्याचा कृमिनाशक गुण कळला. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले. ही औषधे आतड्यातील प्रौढ कृमी मारीत. धमनीतील अळीपर्यंत त्यांचा हात नेहमीच्या मात्रेत पोहोचत नसे. तेव्हा अमेरिकेतील केंटकी विश्वविद्यालयाच्या ड्रज व लायन्स या दोघांनी १९६६ मध्ये एक साधा तोडगा सुचविला: प्रत्येक घोड्यास सहा ते आठ आठवड्यांनी औषध द्यावे, मग तो आजारी असो वा नसो. प्रौढ कृमीस अंडी घालण्यास सवडच मिळाली नाही, की कुरणे हळूहळू स्वच्छ होतील, हा त्यातील हिशेब. ज्याची पिढी पुरी होण्यास अर्धे वर्ष लागते, त्या कृमीस असे वेळापत्रक फार जड जाते. पुढे १९८० नंतर आयव्हरमेक्टिन आले. जपानमधील मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ओमुरा व कॅम्बेल यांच्या परिश्रमांतून निघालेले, आणि २०१५ मध्ये त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळवून देणारे हेच ते औषध. त्याने धमनीतील अळीही मरू लागली, आणि फुगलेली धमनी काही महिन्यांत पूर्ववत् होऊ लागली. घोड्याच्या त्वचेतील, आपल्या बैलाच्या महाधमनीतील कृमीच्या एका भाऊबंदाची पिले या औषधाने मरतात असे दिसले, आणि त्यावरून आफ्रिकेतील माणसांस आंधळे करणाऱ्या त्याच कुळातील कृमीवर ते वापरण्याची दिशा मिळाली, ही या हकीकतीतली उपकथा स्वतंत्र लेखाच्या योग्यतेची आहे.

वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य देशांतील सांभाळलेल्या पागांतून ‘सर्वसामान्य’ कृमी जवळजवळ नाहीसा झाला. ज्यावर शतकभर वाद चालला, तो आतड्याचा रक्तपुरवठा तुटून येणारा शूळही विरळ झाला. तरुण पशुवैद्य ज्या रोगाविषयी पुस्तकात वाचीत, तो त्यांस पाहावयास मिळेना.

परंतु वेळापत्रकाची किंमत दुसरीकडे चुकती होत होती. घोड्याच्या मोठ्या आतड्यात धमनीत न जाणाऱ्या लहान कृमींच्या पुष्कळ जाती असतात. वारंवारच्या औषधाने त्यांतील दुर्बळ मेले, चिवट उरले, आणि एकामागून एक औषधे त्यांच्यावर निकामी होऊ लागली. तेव्हा आरोग्यखात्यांनी व पंडितांनी योग्यच विचार केला, की सरसकट औषध थांबवावे. डेन्मार्कने १९९९ मध्ये आणि स्वीडनने २००७ मध्ये ही औषधे पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळू नयेत असा नियम केला. डेन्मार्कमध्ये आधी लीद तपासावी, दर ग्रॅममागे अंडी मोजावीत, आणि ज्याच्या लिदीत ती ठराविक संख्येहून अधिक सापडतील त्यासच औषध द्यावे, अशी पद्धत रूढ झाली.

येथे ते सहा-सात महिने आडवे आले. सूक्ष्मदर्शकाखाली या कृमीचे अंडे व लहान कृमींचे अंडे सारखेच दिसते. ते ओळखावयाचे तर लीद सुमारे पंधरा दिवस उबवून अळ्या काढाव्या लागतात व त्यांच्या आतड्यातील पेशी मोजाव्या लागतात. एवढा खटाटोप रोजच्या व्यवहारात कोण करतो? शिवाय हा कृमी अंडीही बेताचीच घालतो. परिणामी ज्या घोड्याच्या लिदीत अंडी कमी, त्यास ‘निरोगी’ ठरवून वर्षानुवर्षे औषधावाचून सोडले गेले आणि कृमीस त्याची मुदत बिनबोभाट पुरी करता आली. ज्या डॅनिश पागांत अशी निवडून औषध देण्याची पद्धत होती, तेथे हा कृमी इतर पागांपेक्षा अधिक आढळतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्येही तो परत फैलावल्याचे दिसून आले.

यात नियम करणारांस दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. औषधाचा उधळेपणा थांबविणे अवश्यच होते, आणि तो थांबविला नसता तर लहान कृमींवर चालणारे एकही औषध हाती उरले नसते. चूक झाली ती मोजमापाची. जे मोजता येत होते ते मोजले गेले, आणि जे मोजता येत नव्हते ते नाही असे धरले गेले. आता कित्येक तज्ज्ञ मधला मार्ग सांगतात: लिदीत अंडी असोत वा नसोत, प्रत्येक घोड्यास वर्षातून एकदा-दोनदा अळीनाशक औषध द्यावेच, आणि त्यावरचे औषध मात्र अंडी मोजून द्यावे.

या पुनरागमनाचा एक अनपेक्षित लाभ झाला, आणि तो बोलिंगरच्या पारड्यात पडला. आता एकाच देशात कृमी असलेले घोडे आहेत आणि नसलेलेही आहेत. अळीच्या प्रवासाची खूण रक्तातील प्रतिद्रव्यांवरून ओळखण्याची परीक्षा डेन्मार्कमध्ये निघाली. तेथेच शूळाच्या निरनिराळ्या प्रकारांनी दवाखान्यात आलेल्या घोड्यांचे रक्त इतर घोड्यांच्या रक्ताशी ताडून पाहिले. आतड्याचा भाग रक्तावाचून मृत झालेल्या प्रकारात या कृमीची खूण स्पष्टपणे अधिक आढळली. पोटशूळाच्या इतर प्रकारांत तसा संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे म्यूनिकच्या त्या ग्रंथानंतर एकशे सेहेचाळीस वर्षांनी.

आता राहिली केंटकीची गोष्ट. ज्या विश्वविद्यालयातून आठ आठवड्यांचे वेळापत्रक जगभर गेले, तेथेच घोड्यांचा एक कळप मुद्दाम वेगळा ठेविला होता. १९७९ पासून चार दशकांहून अधिक काळ त्या कळपातील घोड्यांस एकदाही कृमिनाशक औषध दिले गेले नाही. औषधाशी कधीच गाठ न पडलेला, बोलिंगर व लूस यांनी पाहिला तसाच कृमी अभ्यासासाठी शिल्लक असावा, हा त्यातील हेतू. त्या कळपात जन्मलेली शिंगरे आईमागून कुरणात चरावयास लागली, की काही महिन्यांतच त्यांच्या आंत्रधमनीच्या मुळाशी अळ्या मिळत. रॉइशने १६६५ मध्ये दाखविलेली जागा ती हीच.